अंपारोबाईंचे चमचे

“अगं बाई! हे काय केलंत?”

सुलोचनाबाईंच्या तोंडून निघूनच गेलं. केलं होतं तरी काय अंपारोबाईंनी? उकळत्या हरभऱ्यात लाकडी चमचा बुडवला, दोन फुंकरा मारल्या, रस्सा सुर्रकन ओढला, डोळे मिटून जरा विचार केला आणि तोंडातून काढलेला तोच चमचा जसाच्या तसा पातेल्यात घालून ढवळायला लागल्या. वर समाधानाने मानही हलवली. मीठ बरोबर पडलं होतं म्हणे.

अंपारोबाईंना मराठी येत नव्हतं आणि सुलोचनाबाईंना स्पॅनिश. इंग्रजीच्या नावाने दोघींचीही बोंब. पण “अगं बाई” हे कुठल्याही बाईला कळतं. अंपारोबाईंनी वळून पाहिलं, सुलोचनाबाईंचं लक्ष चमच्यावर खिळलेलं पाहिलं, आणि त्यांना वाटलं की हिला चव घ्यायची आहे. त्यांनी तोच चमचा भरून पुढे केला.

“नको, नको,” म्हणत सुलोचनाबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि फ्रिजला टेकल्या.

हे सगळं घडत होतं ओमानमध्ये, सूर नावाच्या समुद्रकाठच्या गावात, एका तीन मजली इमारतीत. खाली सुलोचनाबाईंचा मुलगा धम्मदीप आणि सून रचना. वर अंपारोबाईंचा मुलगा हावी. दोन्ही मुलं एकाच कारखान्यात इंजिनिअर, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या. दोघांच्याही आया त्याच हिवाळ्यात मुलाकडे आलेल्या. मुलं सकाळी सातला पांढऱ्या गाडीत बसून जायची, रचना इंडियन स्कूलमध्ये शिकवायला जायची, आणि मग अख्ख्या इमारतीत उरायच्या दोन विधवा बायका आणि गल्लीतून पुठ्ठे चघळत फिरणाऱ्या बकऱ्या.

पहिले आठ दिवस दोघी जिन्यात एकमेकींना बघून नुसत्या हसल्या. नवव्या दिवशी अंपारोबाई रिकामी वाटी घेऊन खाली आल्या आणि हळदीच्या डब्याकडे बोट दाखवलं. सुलोचनाबाईंचा स्वभाव मुळातच चौकस. हळद नेली तर बाई तिचं करतेय काय, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. गेल्या मागोमाग वर. तिथे त्यांना भिंतीवर ओळीने टांगलेले चमचे दिसले आणि त्या तिथल्याच झाल्या.

तसे चमचे कुणाच्या घरी नसतात? पण ही बाई साता समुद्रापलीकडून पेटीत कपड्यांपेक्षा चमचे जास्त भरून घेऊन आली होती. त्यातले सात लाकडी. एक हातभर लांब, एक बोटाएवढा, एक काठाला झिजून तिरका झालेला. सुलोचनाबाई एकेक खाली काढून विचारायच्या, “ह्यो कशाला?” आणि अंपारोबाई करून दाखवायच्या. तिरका चमचा पातेल्याच्या तळाचा कोपरा खरवडायला. तो त्यांच्या आईचा, चाळीस वर्षांत त्याची कड झिजून त्या पातेल्याच्या मापाची झालेली. दूध उतू जायला लागलं की पातेल्यावर आडवा लाकडी चमचा ठेवायचा, फेस तिथल्या तिथे बसतो. सुलोचनाबाईंनी ते खाली येऊन करून पाहिलं आणि खरंच बसला की! दुधाची खीर आटली की नाही ते चमच्याच्या पाठीवरून बोट ओढून बघायचं, रेघ राहिली तर झाली. अंडं तळायचं तर उलटायचं नाही. तव्यातलंच कढत तेल चमच्याने वरून घालत राहायचं, मग कडेला जाळी येते.

“आणि आमचं काय?” म्हणून सुलोचनाबाई खालून झारा, पळी आणि डाव घेऊन आल्या. झारा बघून अंपारोबाईंनी टाळीच वाजवली. त्यांच्या भिंतीवर अगदी तसाच होता, फक्त दांडा आखूड. “एस्पुमादेरा!” त्या ओरडल्या. “झारा,” सुलोचनाबाई म्हणाल्या. डावाला कुचारोन. नुसत्या चमच्याला कुचारा. पळी मात्र त्यांच्याकडे नव्हती. उभ्या दांड्याची ती पळी अंपारोबाईंनी उलटीसुलटी करून पाहिली, तेलाच्या भांड्यात बुडवून पाहिली आणि शेवटी मागूनच घेतली.

संध्याकाळी सुलोचनाबाई सुनेला सांगायच्या, “रचना, त्यांच्यात चमच्याचं जेवण म्हणून येगळंच असतंय. हरभरा, मसूर, राजमा, असलं रश्श्याचं. थंडीत त्येच खात्यात.”

“आई, तुम्हाला हे कळलं कसं?”

“न कळायला काय झालं? चमचा दावला, पोटावर हात फिरवला, थंडीनं कुडकुडून दावलं. झालं.”

सगळं असं छान चाललं होतं आणि त्या दिवशी हे उष्ट्या चमच्याचं निघालं.

आता सुलोचनाबाई काही सोवळ्यातल्या नव्हेत. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. नैवेद्य नाही, देवाला वेगळं काढणं नाही, शिवाशिव तर नाहीच नाही. पण एक गोष्ट होती. सुलोचनाबाई स्वयंपाक करताना चव घेत नसत. कधीच नाही. चमच्याने तर सोडाच, तळहातावर थेंब घेऊनसुद्धा नाही. मीठ अंदाजाने, शिजलं की नाही ते वासावरून. रचनाने लग्न झाल्यावर एकदा विचारलं होतं, तेव्हा त्या “सवय न्हाई,” एवढंच म्हणाल्या होत्या.

सवय नव्हती असं नाही. मोडली होती.

त्या शुक्रवारी धम्मदीप दुपारी जेवताना फार खुशीत होता. कारखान्याची दुसरी लाइन सुरू झाली होती, समुद्रातून खारं आत आणि नळातून गोडं बाहेर. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनी समुद्रावर जमायचं ठरलं होतं, बायकामुलांसकट चाळीस माणसं.

“आणि जेवण कोण करणार माहितेय?” तो म्हणाला. “तू!”

“मी?”

“मीटिंगमध्ये सांगून टाकलं मी. म्हटलं, केटरर कशाला? माय मदर हॅज कुक्ड फॉर अ हंड्रेड अँड फॉर्टी चिल्ड्रन. रोज. एकटीने. अकरा वर्षं. आई, सगळे बघतच राहिले! हावी म्हणाला, आपण तिच्या हातचंच खाणार. शाळेतली खिचडी कर तुझी. बस्स.”

सुलोचनाबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. “मला जमायचं न्हाई रं,” त्या म्हणाल्या.

“एकशेचाळीस पोरांची केलीस आणि चाळीस माणसांची जमत नाही? काय पण!” धम्मदीप हसला आणि ताक प्यायला लागला.

त्याला बोलायला काय जातंय! आणि त्याची तरी काय चूक? त्याला जे सांगितलं तेच तो सांगत होता.

खरं असं होतं. दोन हजार तीन साली, धम्मदीप पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर गेला त्याच वर्षी, सांगलीकडच्या त्यांच्या गावात शाळेत खिचडी शिजवायला बाई हवी होती आणि ते काम सुलोचनाबाईंना मिळालं. पहिल्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून गेल्या. खिचडी झाली, पळीतून तळहातावर थेंब घेऊन त्यांनी चव पाहिली, मीठ थोडं वाढवलं आणि पोरांना वाढलं. निम्म्या पोरांनी ताटल्या पुढे केल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त पोरांनी घरून डबे आणले. तिसऱ्या दिवशी खिडकीशी चार बाप्ये येऊन उभे राहिले.

हेडमास्तर काही वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरट होता. तो म्हणाला, “बाई, तक्रार आलीय. तुम्ही चव घेता. पोरांना उष्टं कसं वाढायचं?”

“गुरुजी, पळी तोंडाला लावली न्हाई म्या. तळहातावर थेंब घेतला.”

“मला कळतंय हो. पण लोकांना काय सांगू?”

लोकांना काय म्हणायचं होतं ते हेडमास्तरला ठाऊक होतं आणि सुलोचनाबाईंनाही. उष्टं हा नुसता बहाणा. चौथ्या दिवसापासून डाव गंगुबाईच्या हातात गेला. सुलोचनाबाईंनी तांदूळ निवडायचे आणि मागच्या बाजूला बसून भांडी घासायची. कागदावर मात्र त्याच स्वयंपाकीण. काम सोडावं तर पोराच्या शिक्षणाचं काय? अकरा वर्षं त्या शाळेच्या मागे बसून पातेलं घासत राहिल्या. पोराला पत्रात लिहिलं, फोनवर सांगितलं, ‘खिचडी करते, पोरं पोटभर खात्यात.’ त्याला वाईट वाटू नये म्हणून एकदा खोटं बोलल्या, आणि मग ते खोटं दर सुट्टीला त्याच्याबरोबर घरी यायला लागलं. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा त्याने ते अभिमानाने सांगितलं म्हणे.

आता सांगायचं? आणि सांगायचं तर कसं? चाळीस माणसांपुढे तोंडघशी पडायची वेळ यायच्या आधी सांगावं, की आधी खिचडी जमते का ते बघावं? सुलोचनाबाईंना रात्रभर काही सुचलं नाही.

सकाळी त्या तांदूळ आणि मुगाची डाळ घेऊन वर गेल्या. दहा बोटं चार वेळा उघडून दाखवली, चाळीस. मग मोठ्या पातेल्याचा आकार हवेत काढला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान नकारार्थी हलवली. अंपारोबाईंना सगळं कळलं. त्यांनी हातभर लांब चमचा खाली काढला आणि टेबलावर मापं मांडली. माणशी एक मूठ तांदूळ. वर पातेल्यासाठी एक मूठ. पाणी डावाने मोजायचं. ढवळताना मनगट फिरवायचं नाही, खांद्यातून फिरायचं, नाहीतर चाळिसांच्या स्वयंपाकात हात निकामी होतो. त्यांनी सुलोचनाबाईंच्या मागे उभं राहून, दोन्ही खांदे धरून, त्यांना रिकाम्या पातेल्यात गोल फिरवून दाखवलं. दोघी जात्यावर बसल्यासारख्या डोलायला लागल्या आणि एकदमच हसू फुटलं.

हसता हसता सुलोचनाबाईंनी चार मुठींची खिचडी शिजत घातली आणि त्या बोलायला लागल्या. मराठीत. जे बारा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते. खिडकीतले चार बाप्ये, हेडमास्तर, गंगुबाई, सगळं. “ती पाणी जास्त घालायची बगा,” त्या म्हणाल्या, “मला पातेल्याच्या बुडाला कळायचं. पाणी जास्त झालं की बुडाला पापुद्रा धरतोय, कमी झालं की करपतंय. हळद कच्ची ऱ्हायली की कडंला पिवळी रेघ ऱ्हाती. अकरा वर्षं मी तिची खिचडी न खाता वळखली. मला करता येती हो खिचडी, बाई. मला येती. कुणी खाल्ली न्हाई, एवढंच.”

अंपारोबाई ढवळायचं थांबवून ऐकत होत्या. त्यांना एक शब्द कळला नसणार. पण त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही आणि शेवटी उगाच खांद्यावर हातही ठेवला नाही. पातेल्यातली खिचडी चमच्यात घेतली आणि सुलोचनाबाईंपुढे धरली. चव घे.

सुलोचनाबाईंनी मान हलवली. अंपारोबाईंनी मग स्वतःच खाल्ली आणि बोटांची टोकं ओठांना लावून उडवली. एवढं चांगलं झालं होतं की काय, देव जाणे.

बुधवारी धम्मदीप नवीनच खबर घेऊन आला. “आई, प्लेट्स आणायच्या नाहीत. हावीची आई नाही म्हणतेय. त्यांच्या गावाकडची पद्धत आहे, मेंढपाळांची. एकच पातेलं मध्ये ठेवायचं, सगळे गोल उभे राहतात, प्रत्येकाच्या हातात आपापला चमचा. एक घास घ्यायचा आणि एक पाऊल मागे यायचं. मग मागचा पुढे जातो. पुन्हा आपली पाळी. कोणी पातेल्याला चिकटून बसायचं नाही. आमच्यातला सालिम म्हणाला, आम्ही ओमानी तर एकाच थाळ्यात जेवतो, आम्हाला काय प्रॉब्लेम!”

“सगळ्यांनी एकाच भांड्यात? तोंडात घातलेला चमचा?”

“हो ना. मजा आहे की नाही?”

सुलोचनाबाईंना काही मजा वाटली नाही. ताटात वाढलेलं माणूस गुपचूप बाजूला सारू शकतं; न खाता केराच्या पिशवीत टाकू शकतं, कुणाला कळत नाही. इथे तर कोण चमचा बुडवतं आणि कोण नाही, ते उघड्यावर दिसणार. आणि दिसणार कुणाला? धम्मदीपला.

त्यात गुरुवारी सुचित्रा आली. कारखान्यातल्याच निशांतची बायको, पुण्याची, बोलायला गोड. “काकू, काही मदत लागली तर सांगा हं,” म्हणत बसली. चहा घेतला. “तुमचं माहेर कुठलं? माहेरचं आडनाव काय?” मग नजर भिंतीवरच्या दोन तसबिरींकडे गेली. “अच्छा, अच्छा,” ती म्हणाली आणि समोरची चिवड्याची बशी थोडी लांब सरकवून ठेवली. त्या “अच्छा”त काही होतं की नव्हतं? सुलोचनाबाईंनी तो “अच्छा” रात्री दहा वेळा आठवून पाहिला. कधी त्यात सगळं सापडायचं, कधी काहीच नाही. भलत्या ठिकाणी पोळलेलं माणूस असंच करतं, त्याला इलाज नाही.

शुक्रवारी सकाळी समुद्रावर छान वारं होतं. सालिमने घरून लग्नकार्यातलं रुंद तोंडाचं पातेलं आणलं होतं. दोघांनी उचलावं असं. तीन दगडांवर ते चढलं. सुलोचनाबाईंनी पदर खोचला, तेल तापवलं, जिरं, लसूण, कांदा, हळद. लसणाचा वास सुटला तशी लांब क्रिकेट खेळणारी केरळी मंडळी माना वळवायला लागली. मूठ मूठ मोजून तांदूळ पडले, डाळ पडली, डावाने पाणी पडलं, आणि मग लांब चमचा हातात घेऊन त्या खांद्यातून फिरू लागल्या. काय सांगावं, त्या पाऊण तासात त्यांना कशाचीच आठवण झाली नाही. ना गावाची, ना त्या खिडकीची. पातेल्याच्या बुडाला काय चाललंय ते चमच्यातून हाताला कळत होतं. इथे जास्त लागतंय, लाकूड ओढा. इथे पाणी हवंय, अर्धा डाव. धम्मदीप मोबाइलवर फोटो काढत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, “हंड्रेड अँड फॉर्टी, एव्हरी डे.”

“झाली,” सुलोचनाबाई म्हणाल्या. पातेलं उतरवलं, वाळूत बसवलं. वरून कोथिंबीर पडली.

चाळीस माणसं चमचे घेऊन गोल झाली. स्टीलचे, प्लॅस्टिकचे, अंपारोबाईंचे लाकडी. हसणं, ढकलाढकली, “यल्ला, यल्ला, चला!” आणि या सगळ्यात सुलोचनाबाई मागे सरल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप मागे गेले, एक पाऊल, दोन, पाच, थेट उभ्या गाडीच्या सावलीपर्यंत. पातेलं भरलं की आपण मागे जायचं आणि रिकामं झालं की पुढे यायचं, अकरा वर्षांची शिस्त ती. तिथून त्या बघत राहिल्या. सुचित्रा रिंगणाच्या बाहेरच्या बाजूला उभी होती. तिच्या हातात चमचा नव्हता.

हावीने पहिला चमचा पुढे केला आणि अंपारोबाईंनी त्याच्या हातावर फाटकन मारलं. काहीतरी ओरडल्या. सगळे थांबले.

“काय झालं?” रचनाने विचारलं.

हावीने हात चोळत इंग्रजीत सांगितलं आणि धम्मदीपने मराठीत केलं, “पहिला घास जिनं शिजवलं तिचा असतो. त्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आई कुठेय? आई!”

अंपारोबाई वाळू तुडवत गाडीपर्यंत आल्या. सुलोचनाबाईंचं मनगट धरलं. बाई वयानं सत्तरीच्या आसपास, पण पकड लोहाराची. ओढत नेलं पातेल्यापर्यंत आणि तो काठ झिजलेला, आपल्या आईचा चमचा, सुलोचनाबाईंच्या हातात ठेवला.

चाळीस माणसं बघत होती. सुचित्रा बघत होती. सुलोचनाबाईंच्या कानात हेडमास्तर म्हणत होता, बाई, तुम्ही चव घेता. मग त्यांनी तो बुडवला, भरला, दोन फुंकरा मारल्या आणि तोंडात घातला.

बारा वर्षांनी त्यांना आपल्या हातचा गरम घास पातेल्याशेजारी उभं राहून कळला. लसूण, जिरं, मुगाची डाळ. छान झाली होती. खरंच छान झाली होती.

“मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या.

आणि मिठाच्या डब्यातून चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर मीठ घेऊन त्यांनी पातेल्यात टाकलं. आणि हातातला तोच चमचा, तोंडातून काढलेला, जसाच्या तसा पातेल्यात घालून खालपासून वरपर्यंत ढवळलं. पुन्हा भरला, पुन्हा चाखला.

“आता खावा,” त्या म्हणाल्या. आणि पद्धतीप्रमाणे एक पाऊल मागे आल्या. एकच.

मग जो कल्ला उडाला तो विचारू नका. घास, पाऊल मागे, घास, पाऊल मागे. सालिम चमचा सोडून हातानेच सुरू झाला आणि त्याला कुणी काही म्हटलं नाही. निशांतने चार वेळा घेतलं. पातेल्याच्या तळाशी चमचे खडखडायला लागले तेव्हा खरवडीवरून भांडणं लागली.

सुचित्रा जवळ आली. “काकू, वास काय सुटलाय! पण माझा शुक्रवारचा उपास असतो हो.” तिच्या हातात सोललेलं संत्रं होतं.

सुलोचनाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खरंच असेल उपास. नसेलही. एरवी हे कोडं घेऊन त्या महिनाभर बसल्या असत्या. आत्ता त्यांना बुडाची खरवड कितपत लाल झालीय ते बघायचं होतं. “बरं, बरं,” त्या म्हणाल्या, “संत्रं गोड हाय का?”

धम्मदीप चमचा चाटत आला. “आई, कसली भारी झालीय! शाळेत अश्शीच व्हायची ना?”

आता बोलायचं, की पुन्हा हो म्हणायचं? सुलोचनाबाईंनी हातातल्या झिजक्या चमच्याकडे पाहिलं.

“धम्मा, शाळंत म्या तीनच दिवस केली,” त्या म्हणाल्या. “पोरांनी खाल्ली न्हाई. मग गंगुबाई करायची. मी भांडी घासायची.”

“म्हणजे?”

“म्हंजे त्येच. अकरा वर्षं. तुला खोटं सांगितलं. तू लांब व्हतास, शिकत व्हतास, तुझं चित्त थाऱ्यावर ऱ्हावं म्हणून.”

धम्मदीपने हातातला चमचा खाली केला. का खाल्ली नाही, हे त्याने विचारलं नाही. आपल्याकडच्या माणसाला ते विचारावं लागत नाही. त्याचं तोंड लहानपणी ताप चढल्यावर व्हायचं तसं लाल झालं. तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. सुलोचनाबाईंना वाटलं, उगाच बोलले. आजच कशाला बोलले? पोराच्या आनंदावर पाणी पडलं.

जेवणं संपली. माणसं पांगली, कुणी पाण्यात उतरलं, कुणी खजुराचा डबा उघडला. रिकामं पातेलं वाळूत पडलं होतं. सुलोचनाबाई सवयीने उठल्या, पदर खोचला, पिशवीतून घासणी काढली आणि पातेल्याकडे निघाल्या.

“दे इकडं,” धम्मदीप मागून येऊन म्हणाला.

“अरं, तुजी नवी पँट...”

त्याने घासणी त्यांच्या हातातून काढून घेतली. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले, पातेलं ओढत पाण्याच्या कडेला नेलं आणि ओल्या वाळूत फतकल मारून दोन पायांमध्ये धरलं. मान खाली घालून जोरजोरात घासायला लागला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तेव्हा खांद्यावरच तोंड पुसत होता. निशांत मदतीला गेला तर त्याने मान हलवून त्याला परत पाठवलं.

अंपारोबाईंनी घडीची खुर्ची आणून ठेवली आणि सुलोचनाबाईंना खांदा दाबून बसवलं. झिजका चमचा त्यांनी परत मागितला नाही. सुलोचनाबाई तो मांडीवर घेऊन बसल्या. मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते चमच्यावर ठेवले.

थोडा वेळ त्या पोराचं घासणं बघत राहिल्या. पातेलं फिरवायची अक्कल नाही, एकाच जागी रगडतोय. शेवटी त्यांच्याने राहवेना.

“धम्मा,” त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, “कोरडी वाळू घे. आन् कड ऱ्हायली बघ, तिकडची.”